जुन्या पिनबॉल यंत्रांचे सुटे भाग आणि कॉपीराइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने पिनबॉल यंत्र (उतरत्या फळीवर चेंडू टोलवत गुण मिळवण्याच्या खेळाचे यंत्र) दुरुस्त करायला घेतले की काही दिवसांतच एक अडचण समोर येते: हवा असलेला भाग आता कोणीच बनवत नाही. तो स्वतः बनवावा, कोणाकडून बनवून घ्यावा की आणखी चार जणांसाठी बनवून विकावा, असे विचार मग सुरू होतात आणि तेथूनच कायद्याचे प्रश्न उभे राहतात. गॉटलिब, बॅली, विल्यम्स आणि स्टर्न या महत्त्वाच्या कंपन्या शिकागो परिसरातल्या असल्यामुळे येथील उत्तरे मुख्यतः अमेरिकी कायद्याला धरून दिली आहेत. इटली, स्पेन आणि भारत यांचा उल्लेख संबंध येईल तेथे केला आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे. विक्रीसाठी माल बनवण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घेणेच योग्य.

पिनबॉल यंत्रावर कोणकोणते हक्क असू शकतात?

यंत्र एक दिसत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती अनेक वेगवेगळ्या गोष्टींची मोट असते. बॅकग्लासवरचे (यंत्राच्या मागच्या उभ्या भागातल्या काचेवरचे) आणि प्लेफिल्डवरचे (चेंडू धावतो त्या फळीवरचे) चित्र कॉपीराइटखाली येते. फ्लिपरची (चेंडू टोलवणाऱ्या दांड्याची) यंत्रणा, बंपर (चेंडूला उडवणारा अडथळा) किंवा चेंडू परत पाठवणारी व्यवस्था यांवर असलाच तर पेटंटचा हक्क असतो. कंपनीचे नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्कचा विषय आहे, तर १९७७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक यंत्रे रुळू लागल्यानंतर त्यांच्या रॉम चिपमधला (प्रोग्रॅम कायमचा साठवणाऱ्या चिपमधला) प्रोग्रॅम पुन्हा कॉपीराइटखाली येतो. या प्रत्येक हक्काची मुदत वेगळी असते आणि ती संपण्याची तारीखही वेगळी असते. म्हणून ‘हे यंत्र कॉपीराइटमधून मुक्त झाले का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. हातात असलेल्या एका भागापुरताच हा प्रश्न विचारावा लागतो.

फ्लिपर, कॉइल, रबर रिंग, रॅम्प असे यांत्रिक भाग बनवून विकता येतात का?

बहुतेक वेळा येतात. उपयोगाच्या वस्तूच्या कामाच्या भागाला अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही. कल्पना, पद्धत आणि कार्यप्रणाली यांना संरक्षण नाही, असे अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम १०२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. कॉइलवर कोणत्या जाडीच्या तारेचे किती वेढे आहेत, चेंडूने टिपायच्या लक्ष्यफळीचा खिळा कोठे बसतो किंवा प्लायवूडच्या प्लेफिल्डवर भोके किती अंतरावर आहेत, ही सगळी कामाची माहिती आहे.

अशा भागावर पेटंट असू शकते, मात्र पेटंटचे आयुष्य कॉपीराइटच्या मानाने फार कमी असते. जून १९९५ पूर्वीच्या अर्जांवरची पेटंटे साधारणपणे मंजुरीपासून १७ वर्षे टिकत आणि त्यानंतरच्या अर्जांसाठी अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे धरली जातात. त्यामुळे १९४७ साली गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर रूढ केल्यापासून १९८० च्या दशकापर्यंतच्या यंत्रांमधील पेटंटे केव्हाच संपली आहेत. पेटंट संपलेल्या किंवा मुळात पेटंट नसलेल्या वस्तूची नक्कल राज्यांच्या कायद्यांनी अडवता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये सीअर्स आणि कॉम्पको या खटल्यांत आणि १९८९ मध्ये बोनिटो बोट्स प्रकरणात सांगितले आहे.

पेटंट जिवंत असतानाही मालकाला दुरुस्तीचा अधिकार असतोच. मोटारीच्या उघडझाप होणाऱ्या छताचे कापड बदलण्यावरून झालेल्या १९६१ च्या ॲरो प्रकरणात न्यायालयाने झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती मानली. यंत्र नव्याने घडवणे वेगळे आणि झिजलेला भाग बदलणे वेगळे, असा हा भेद आहे.

प्रत्येक शोभेच्या प्लास्टिक भागालाही हीच सवलत आहे का?

नाही. ‘फनहाउस’ या १९९० च्या यंत्रातले रूडीचे बोलके डोके किंवा ‘अटॅक फ्रॉम मार्स’मधल्या मंगळवासीयांच्या बाहुल्या ही शिल्पे आहेत. उपयोगाच्या वस्तूवरील कलाभाग तिच्यापासून वेगळा कल्पिता आला आणि स्वतंत्रपणे चित्र किंवा शिल्प म्हणून उभा राहू शकला, तर त्याला कॉपीराइट मिळतो, हा निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या स्टार ॲथलेटिका प्रकरणात पक्का केला. त्याचे मूळ १९५४ च्या मेझर विरुद्ध स्टाइन या निकालात आहे. तेथे दिव्यांच्या बैठकीसाठी वापरलेल्या मानवी मूर्तींचा प्रश्न होता आणि दिव्याला जोडल्यामुळे मूर्तीचे संरक्षण जात नाही, असे ठरले.

फ्लिपरच्या वरच्या कोपऱ्यांत बसणाऱ्या छापील प्लास्टिकच्या पट्ट्यांबाबत हा निकष व्यवहारात चांगला उपयोगी पडतो. पट्टीचा आकार भोकांना आणि खांबांना जुळवलेला असतो, म्हणून तो हक्कातून मोकळा असतो, परंतु तिच्यावरचे चित्र मोकळे नसते. अनेक कारागीर म्हणूनच त्याच आकाराच्या पारदर्शक पट्ट्या विकतात. यंत्र थोडे उघडेबोडके दिसते, पण चेंडूचा मार खाणारी पट्टी शाबूत राहते.

बॅकग्लासचे चित्र जुने झाले म्हणजे मोकळे झाले, असे समजावे का?

असे समजू नये. या विषयात सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून हे उत्तर लांबले आहे.

पारंपरिक बॅकग्लासवर काचेच्या मागील बाजूस उलटे चित्र स्क्रीन प्रिंटिंगने थरांमध्ये छापलेले असते. आतल्या दिव्यांची उष्णता आणि ओल यांमुळे हे थर सुटतात, पापुद्रे निघतात आणि एकदा गेलेले चित्र परत येत नाही. म्हणूनच नव्या काचेची मागणी सर्वांत जास्त असते. दुर्दैवाने हाच भाग कायद्याने सर्वांत घट्ट धरलेला आहे.

१९०९ च्या जुन्या अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइट आपोआप मिळत नसे. चित्र प्रकाशित करताना त्यावर हक्काची सूचना छापणे आवश्यक होते. वर्तुळातल्या ‘सी’ची खूण आणि मालकाचे नाव, अशी ती सूचना असे. चित्रांसाठी वर्ष छापण्याची सक्ती नव्हती आणि खुणेबरोबर मालकाचे आद्याक्षर किंवा चिन्ह असले तरी चालत असे, मात्र त्याचे नाव वस्तूवर दुसरीकडे कोठेतरी, अगदी मागच्या बाजूलाही, असावे लागे. बॅकग्लासचा खालचा कोपरा पाहून ‘वर्षच नाही, म्हणजे हक्क नाही’ असा निष्कर्ष काढणारे याच ठिकाणी फसतात.

आणि सूचना अजिबातच नसेल तर?

१९७८ पूर्वी अमेरिकेत सूचनेशिवाय प्रकाशित झालेले चित्र सामान्यतः सार्वजनिक मालकीचे झाले. विक्रेत्यांना यंत्रे विकणे हे प्रकाशनच ठरते. तरीही एकच काच पाहून निर्णय करू नये, कारण एखाद्या प्रतीवरून सूचना चुकून वगळली गेली असेल तर तेवढ्याने हक्क जात नसे, अशी त्याच कायद्यात तरतूद होती. शिवाय आपल्या काचेवरचा रंग ज्या कोपऱ्यातून उडाला आहे, सूचना नेमकी त्याच कोपऱ्यात छापलेली असू शकते. त्याच यंत्राच्या तीन-चार चांगल्या प्रती, प्लेफिल्डचा खालचा भाग आणि लाकडी पेटीवरची छपाई हे सगळे तपासावे.

सूचना असेल, तर मुदत किती?

हे वर्षावर अवलंबून आहे. १९०९ च्या कायद्यात पहिली मुदत २८ वर्षांची होती आणि तिच्या शेवटच्या वर्षात नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. १९६४ पूर्वी प्रकाशित झालेल्या चित्राचे नूतनीकरण झाले नसेल, तर ते आज मोकळे आहे. १९५० च्या दशकातले, रॉय पार्करसारख्या चित्रकारांनी रंगवलेले भडक चित्रांचे बॅकग्लास १९६४ पूर्वीच्या या गटात येतात. नूतनीकरण झाले की नाही, हे अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या छापील सूचीग्रंथांत आणि १९७८ पासूनच्या नोंदींसाठी त्याच्या ऑनलाइन सूचीत पाहता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

१९६४ ते १९७७ मधील कामांचे नूतनीकरण १९९२ च्या दुरुस्तीने आपोआप झाले. सूचनेसह प्रकाशित झालेल्या अशा कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षे मिळतात. म्हणजे १९६५ चे चित्र २०६० अखेरपर्यंत आणि १९७७ चे चित्र २०७२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. संग्राहक ज्यांवर जीव टाकतात त्या १९७० च्या दशकातील बॅली यंत्रांचे, उदाहरणार्थ १९७२ च्या ‘फायरबॉल’चे, सगळे प्रश्न याच गटात अडकलेले आहेत.

जानेवारी १९७८ पासून फेब्रुवारी १९८९ अखेरपर्यंतच्या कामांसाठी सूचना हवीच होती, परंतु ती राहून गेली असेल तर पाच वर्षांच्या आत नोंदणी करून आणि पुढील प्रतींवर सूचना घालण्याचा वाजवी प्रयत्न करून चूक सुधारता येत असे. १ मार्च १९८९ रोजी अमेरिका बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात सामील झाल्यानंतर सूचनेची अट उरली नाही. त्यापुढच्या यंत्रावर खूण नाही, ही गोष्ट काहीच सिद्ध करत नाही.

चित्र काढणाऱ्याकडे हक्क असतो की कंपनीकडे?

बहुतेक वेळा कंपनीकडे, पण ही गोष्ट गृहीत धरू नये. शिकागोतील ॲडव्हर्टायझिंग पोस्टर्स कंपनी वेगवेगळ्या पिनबॉल उत्पादकांसाठी चित्रे तयार करून छापत असे. म्हणजे चित्रकार उत्पादकाच्या नोकरीत असेलच असे नाही. १९०९ च्या कायद्याखाली दुसऱ्याच्या सांगण्यावरून आणि खर्चाने केलेल्या कामाचा हक्क न्यायालये बहुधा काम सांगणाऱ्याला देत. १९७८ नंतर बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतलेल्या कामासाठी लेखी करार पाहणे अधिक महत्त्वाचे झाले. चित्रकाराच्या वारसाने ‘खुशाल छापा’ म्हटले, एवढ्यावर माल छापू नये.

कंपनीच बंद पडली आहे, मग हक्क सांगणार कोण?

कंपनी बंद पडली तरी हक्क मालमत्तेसारखा दुसऱ्याच्या हाती जातो. ‘सोडून दिलेले काम’ अशी कोणतीही कायदेशीर वर्गवारी नाही.

बॅलीचा पिनबॉल विभाग १९८८ मध्ये विल्यम्सने घेतला. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉल बनवणे थांबवले आणि मूळ कंपनी डब्ल्यूएमएस २०१३ मध्ये सायंटिफिक गेम्सकडे गेली, जिचे नाव २०२२ मध्ये लाइट अँड वंडर झाले. विल्यम्स आणि बॅलीच्या सुट्या भागांचा परवाना प्लॅनेटरी पिनबॉल सप्लाय या कंपनीने घेतला आणि ‘मेडिव्हल मॅडनेस’ (मूळ १९९७) सारख्या यंत्रांच्या नव्या आवृत्त्या शिकागो गेमिंग कंपनीने परवान्यानेच काढल्या.

गॉटलिबचा प्रवास अधिक वळणांचा आहे: कोलंबिया पिक्चर्स, मग मायलस्टार हे नाव, १९८४ पासून प्रीमियर आणि १९९६ मध्ये टाळे. तरीही २००८ मध्ये गॉटलिब डेव्हलपमेंट या हक्कधारक कंपनीने पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला, कारण पॅरामाउंटच्या एका चित्रपटात ‘सिल्व्हर स्लगर’ हे यंत्र एका दृश्याच्या पार्श्वभूमीवर दिसत होते. यंत्र काही क्षणच, तेही मागे कोपऱ्यात दिसते, एवढा वापर नगण्य आहे, म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. दावा हरला असला तरी कारखाना बंद होऊन बारा वर्षांनी पडद्यावरच्या काही क्षणांसाठीही कोणीतरी लक्ष ठेवून होते, हे या प्रकरणातून लक्षात घेण्यासारखे आहे. पूर्ण आकाराची काच छापणाऱ्याला ‘नगण्य वापर’ म्हणता येणार नाही.

चित्रपटावर किंवा गायकावर बेतलेल्या यंत्रांचे काय?

तेथे परवानग्या दुप्पट होतात. १९९२ चे ‘द ॲडम्स फॅमिली’ २०,२७० यंत्रे विकून इलेक्ट्रॉनिक काळातले सर्वाधिक खपाचे यंत्र ठरले, पण त्यातील चेहरे, पात्रे आणि संवाद यांवर चित्रपटाशी संबंधित हक्क आहेत. १९७६ च्या ‘कॅप्टन फँटॅस्टिक’वर एल्टन जॉन आहेत आणि १९७९ च्या बॅली यंत्रावर ‘किस’ हा बँड आहे. मूळ उत्पादकाला मिळालेला परवाना त्या यंत्राच्या उत्पादनापुरता असतो. आज उत्पादकाचा हक्कधारक राजी असला तरी चित्रपटसंस्थेची किंवा कलावंताची वेगळी संमती लागते. हुबेहूब नवी आवृत्ती न निघण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

माझ्या एकाच यंत्रासाठी एकच बॅकग्लास छापला तर?

अमेरिकेत खासगी प्रतीसाठी सरसकट सूट नाही. उचित वापराच्या (परवानगीशिवाय मर्यादित वापराला मुभा देणाऱ्या) कलम १०७ खाली बाजू मांडता येते आणि एका खासगी प्रतीसाठी कोणी न्यायालयात जाण्याची शक्यता व्यवहारात कमी असते. पण धोका कमी असणे म्हणजे हक्क मिळणे नव्हे. तीच फाइल दुसऱ्याला देणे किंवा पाच जणांनी मिळून छापून घेणे, हे ‘माझ्यासाठी एक’ या कोटीत बसत नाही.

मूळ काचेवर उडालेला रंग हाताने भरणे हा याहून सुरक्षित मार्ग आहे, कारण तेथे आपण आपलीच प्रत सांभाळत असतो. शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयाचा (संघीय अपील न्यायालयाचा) १९०१ चा डोन विरुद्ध अमेरिकन बुक कंपनी हा निकाल येथे आठवतो. त्यात जुन्या शालेय पुस्तकांना मूळ पुठ्ठ्यासारखेच नवे पुठ्ठे घालून विकण्याचा वाद होता. पुस्तकाच्या मालकाला पुठ्ठा आणि बांधणी शक्य तितकी मूळ स्थितीत राखण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र तो निकाल पुठ्ठा-बांधणीपुरता आहे. त्याचा आधार घेऊन आख्खे चित्र नव्याने छापणे मला ताणलेले वाटते.

रॉम चिप जळाली तर प्रोग्रॅमची नक्कल करता येते का?

हा प्रश्न पिनबॉल कंपनीनेच न्यायालयात नेऊन सोडवला आहे. विल्यम्सच्या ‘डिफेंडर’ या व्हिडिओ गेमची नक्कल असलेली रॉम विकणाऱ्या आर्टिक कंपनीविरुद्ध १९८२ मध्ये तिसऱ्या सर्किट न्यायालयाचा निकाल लागला. रॉम हा यंत्राचा उपयोगाचा भाग आहे, म्हणून त्यावर कॉपीराइट नाही, असा आर्टिकचा बचाव होता. सुटे भाग बनवणारे आजही हेच म्हणतात. न्यायालयाने तो मानला नाही.

तरीही मालकाला काही आधार आहे. कलम ११७ नुसार प्रोग्रॅमच्या प्रतीचा मालक जपून ठेवण्यासाठी स्वतःची प्रत काढू शकतो. म्हणून चालू स्थितीतल्या जुन्या चिपमधला मजकूर आजच वाचून ठेवावा. चाळीस वर्षांच्या चिपचा भरवसा नसतो आणि ती गेल्यावर सवलत उपयोगी पडत नाही. मूळ यंत्र विकताना त्याबरोबर ही प्रतही द्यावी लागते, ती स्वतःकडे ठेवून इतरांना वाटता येत नाही.

मग नवे इलेक्ट्रॉनिक बोर्ड कायदेशीर कसे विकले जातात?

बोर्ड हे वेगळे प्रकरण आहे. सर्किटच्या आकृतीवर चित्र म्हणून कॉपीराइट असू शकतो, परंतु कलम ११३ नुसार उपयोगाच्या वस्तूच्या आकृतीवरचा हक्क ती वस्तू बनवण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून स्वतंत्रपणे आखलेला, जुन्या बोर्डाच्या जागी बसणारा नवा बोर्ड विकता येतो. अडचण त्यात भरलेल्या प्रोग्रॅमची असते. बोर्ड मोकळ्या सॉकेटसह विकला आणि ग्राहकाने आपली मूळ चिप त्यात बसवली, तर वाद उरत नाही. आकृतिपत्रके आणि मार्गदर्शक पुस्तिका यांची छपाई मात्र कॉपीराइटखालीच येते.

भागाच्या जाहिरातीत ‘गॉटलिब’ किंवा ‘बॅली’ हे नाव लिहिता येते का?

भाग कोणत्या यंत्राला बसतो, हे सांगण्यापुरते येते. ‘बॅलीच्या १९७८ च्या यंत्रांना बसणारी कॉइल’ असे लिहिण्यास हरकत नाही. कंपनीचे चिन्ह भागावर उमटवणे किंवा माल मूळ कारखान्याचा आहे, असा भास निर्माण करणे मात्र चालत नाही. ट्रेडमार्क वापरात असेपर्यंत जगतो, त्याला ९५ वर्षांची मर्यादा नाही.

इटली-स्पेनमधील यंत्रांवर सूचना नसते. ती मोकळी आहेत का?

येथे अमेरिकी यंत्रांचा नियम लावू नये. परदेशी कामाचे संरक्षण केवळ सूचनेच्या अभावी गेले असेल आणि मूळ देशात ते १९९६ मध्ये संरक्षित असेल, तर अमेरिकेने ते १ जानेवारी १९९६ पासून सामान्यतः पुनरुज्जीवित केले. बोलोन्याच्या झाक्कारिया कंपनीच्या काचेवर खूण नसणे, हा म्हणून पुरावा होत नाही.

भारतात, समजा पुण्यातल्या एखाद्या कार्यशाळेत, हे भाग बनवले तर?

भारतीय कायदा काही बाबतींत कारागिराला अधिक अनुकूल आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट तरतूद आहे की, तांत्रिक आराखड्यावरून उपयोगाच्या उपकरणाचा निव्वळ कामाचा भाग त्रिमितीत बनवणे हे उल्लंघन नाही. कलम १५ नुसार, नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न केलेल्या डिझाइनची वस्तू हक्कमालकाने किंवा त्याच्या परवान्याने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक वेळा बनवली की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. मात्र स्वतंत्र चित्रकृती आणि डिझाइन यांतली सीमारेषा सोपी नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स प्रकरणात तिच्यासाठी कसोटी घालून दिली. रंगवलेला बॅकग्लास हा या सीमेच्या चित्रकृतीच्या बाजूलाच राहील, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट: भाग पुण्यात बनला तरी तो शिकागोतल्या ग्राहकाला पाठवला की अमेरिकी आयातीचे नियम लागतात.

उल्लंघन सिद्ध झाले तर किती रक्कम भरावी लागते?

नोंदणी वेळेत झालेली असेल तर अमेरिकेत प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी १,५०,००० डॉलरपर्यंत वैधानिक (कायद्यानेच ठरवून दिलेली) भरपाई मागता येते. बॅकग्लास आणि प्लेफिल्ड या दोन वेगळ्या कलाकृती धरल्या जाऊ शकतात. दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे, पण प्रत्येक नव्या विक्रीबरोबर ती नव्याने मोजली जाऊ शकते. त्यामुळे ‘दहा वर्षे विकतोय, कोणी काही म्हटले नाही’ हा बचाव होत नाही.

परवानगी मागायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

आधी यंत्राचे वर्ष, सूचना आणि नोंदणी यांची कागदोपत्री खात्री करावी, कारण मोकळ्या चित्रासाठी परवानगी मागत बसण्यात अर्थ नाही. हक्क जिवंत असल्यास सध्याच्या परवानाधारक सुटे भाग विक्रेत्याला लिहावे. पत्रात यंत्राचे नाव, नेमका भाग, किती नग, छपाईची पद्धत आणि विक्रीची अपेक्षित किंमत द्यावी. ‘थोडे भाग करू इच्छितो’ अशा मोघम पत्राला उत्तर येत नाही, ‘पंचवीस बॅकग्लास, मूळ पद्धतीने स्क्रीन प्रिंट’ असे लिहिल्यास निदान पुढचे बोलणे सुरू होते. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे. तोपर्यंत मूळ काचेच्या मागच्या रंगाला पारदर्शक संरक्षक फवारा मारून ठेवावा आणि आत कमी तापणारे दिवे बसवावेत.